रोडरनरला उडता येतं का? आणि तो पळतो तरी किती जोरात?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या फिनिक्सला राहणाऱ्या मुलीने एक व्हिडिओ पाठवला. त्यात शेजारच्या घराच्या छपरावर रोडरनर बसलेला दिसतो. कार्टूनमध्ये तर तो कायम पळतानाच दिसायचा. मग हा छपरावर गेला कसा? त्याला उडता येतं का, येत असेल तर तो पळत का असतो, आणि कार्टूनमध्ये त्याच्या मागे लागणाऱ्या कोयोटच्या (कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातला अमेरिकी प्राणी) हाती तो खरंच कधी लागत नाही का?

आधी थेट उत्तर देते. रोडरनरला उडता येतं. शहामृग, इमू किंवा किवी यांच्यासारखा तो उडणं विसरलेला पक्षी नाही. पण त्याचं उडणं काही सेकंदांचं असतं. पंख भराभर मारायचे, मग ते ताठ पसरून तरंगत जायचं आणि उतरायचं, एवढंच. तो पळतो पोटासाठी, आणि उडतो मुख्यतः जीव वाचवायला किंवा उंच जागी पोहोचायला. राहिला कोयोट. मोकळ्या, सपाट जमिनीवर दोघांची शर्यत लागली तर कोयोट जिंकेल, आणि आरामात जिंकेल. कार्टूनमध्ये रोडरनरला त्याचे पाय वाचवतात. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात अशा वेळी त्याला पंख वाचवतात.

मी टूसॉनजवळच्या सोनोरन वाळवंटात बरीच वर्षं पक्षी पाहते आणि पक्षी पाहायला येणाऱ्यांना सोबत घेऊन फिरते. ‘हा उडणारा पक्षी की पळणारा?’ असं जवळपास प्रत्येक गटात कोणीतरी विचारतंच. पण दोन्हींतलं एक उत्तर निवडायला गेलं की हा पक्षी समजतच नाही. धोका कुठून येतोय, भक्ष्य कुठे आहे, जवळ काटेरी झुडूप आहे का, ऊन किती चढलंय, हे पाहून तो पाय वापरायचे की पंख ते ठरवतो. त्यामुळे एकच रोडरनर सकाळी पाहणारा आणि दुपारी पाहणारा दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि दोघंही बरोबर असतात.

शरीरापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत दिसतो तो ग्रेटर रोडरनर. शास्त्रीय नाव जिओकॉक्सिक्स कॅलिफोर्नियानस. (त्याचा धाकटा भाऊ, लेसर रोडरनर, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत राहतो.) चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत हा पक्षी ५२ ते ६२ सेंटिमीटर भरतो, आणि त्यातली जवळजवळ निम्मी लांबी एकट्या शेपटीची असते. त्यामुळे फोटोत तो मोठा वाटतो. वजन मात्र बहुतेकांचं ३०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या गावकावळ्याच्या तोडीचं. आता पंख बघा. कावळ्याने पंख पसरले की ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाऊण मीटरच्या आसपास जातात. तेवढ्याच वजनाच्या रोडरनरचे पंख पसरल्यावर ४३ ते ६१ सेंटिमीटर भरतात. आखूड आणि गोलसर. असे पंख जमिनीवरून झटकन उठायला उपयोगी पडतात, पण लांबचा पल्ला त्यांच्या आवाक्यातला नसतो.

तरीही उडण्याची सगळी सामग्री त्याच्याकडे शाबूत आहे. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडावर एक उभी धार असते, तिला उड्डाणाचे स्नायू चिकटलेले असतात. शहामृगात ही धार उरलेलीच नाही, त्याचं छातीचं हाड सपाट आहे. रोडरनरमध्ये ती आहे आणि उड्डाणाची पिसंही पूर्ण वाढलेली असतात. ज्यांनी गावठी कोंबड्या पाहिल्यात त्यांना त्याचं उडणं लगेच डोळ्यांपुढे येईल. कोंबडी दिवसभर अंगणात चालत दाणे टिपते, पण कुत्रं अंगावर आलं की फडफडत थेट कौलांवर जाऊन बसते. रोडरनर तेच करतो, फक्त जास्त सफाईने.

व्हिडिओतला पक्षी छपरावर बहुधा एका झेपेत गेला नसेल. फिनिक्स आणि टूसॉनच्या वसाहतींत घरामागे काँक्रीटच्या ठोकळ्यांची कुंपणभिंत असते. रोडरनर आधी भिंतीवर उडी घेतो, तिच्यावरून थोडा धावतो, मग दोन-चार वेळा पंख मारून छपराच्या कडेवर जातो. उडी आणि उड्डाण यांची सीमारेषा त्याच्या बाबतीत नेहमीच पुसट असते. पायांनी जोर द्यायचा आणि उरलेलं अंतर पंखांनी भरून काढायचं, ही त्याची वर चढण्याची पद्धत. झाडावरही तो फांदीवरून फांदीवर असाच चढतो. खाली येताना मात्र पंख पसरून सोडून देतो स्वतःला. टेकडीच्या उतारावरून किंवा दरीच्या काठावरून असा सुटला की बराच लांबवर तरंगत जातो, आणि त्या वेळी त्याला पाहणाऱ्याला ‘हा उडत नाही’ हे वाक्य खोटंच वाटेल.

आता वेग. सगळीकडे दिला जाणारा आकडा ताशी ३२ किलोमीटरचा आहे. ताशी ४० च्या पुढचे आकडेही सांगितले जातात, पण मी लोकांना ३२ च सांगते. हा वेग किती, याचा अंदाज यावा म्हणून उसेन बोल्टची २००९ मधली बर्लिनची शर्यत आठवा. त्याने १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले, म्हणजे सरासरी ताशी सुमारे ३७.६ किलोमीटर. जगातल्या सर्वांत वेगवान माणसाच्या इतक्या जवळ जाणारा हा पक्षी वजनाला अर्ध्या किलोचाही नसतो आणि उंचीला तुमच्या गुडघ्याच्याही खाली राहतो. कोयोट ताशी ६० किलोमीटरच्या पुढे जातो. शहामृग ताशी ७० पर्यंत. म्हणून नुसत्या आकड्यावर रोडरनर कोणाला हरवत नाही.

पण तो सरळ रेषेत फारसा पळतच नाही. वाळवंटाची जमीन म्हणजे दगड, निवडुंग, काटेरी झुडपं आणि मधूनच पावसाच्या पाण्याने कापलेले कोरडे ओढे. इथे सरळ शंभर मीटर मिळतात कुठे? इथे उपयोग होतो तो पहिल्या दोन पावलांत वेग पकडण्याचा, पूर्ण वेगात असताना दिशा बदलण्याचा आणि जागच्या जागी थांबण्याचा. या तिन्हींत हा पक्षी अप्रतिम आहे, आणि याचं पुष्कळसं श्रेय त्याच्या शेपटीला जातं. पळताना तो डोकं, मान, पाठ आणि शेपूट जमिनीला समांतर एका रेषेत आणतो. वळायचं असेल तर शेपूट एका बाजूला झुकते, आखूड पंख किंचित उघडून तोल सावरतात. थांबायचं असेल तर शेपूट एकदम उभी होते आणि पक्षी जिथल्या तिथे खिळतो. मग ती शेपूट हळूहळू खाली येते, डोक्यावरचा तुरा वर-खाली होतो, आणि डोळ्यामागची निळी-नारिंगी कातडी क्षणभर दिसते. मला विचाराल तर त्याच्या पळण्यापेक्षा त्याचं थांबणं बघण्यासारखं आहे.

पायांची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. पळण्यात मुरलेल्या पक्ष्यांची बोटं सहसा कमी झालेली असतात. शहामृगाला दोन बोटं, इमूला तीन. आपला माळढोक आणि माळरानावर तुरुतुरु पळणारा धाविक, दोघांनाही मागचं बोट नाही. जमिनीला टेकणारा भाग जितका आटोपशीर तितकं पळणं सोपं. रोडरनरला मात्र चारही बोटं आहेत, आणि तीही दोन पुढे, दोन मागे. ही रचना पोपटाची, सुतारपक्ष्याची, फांदी पकडणाऱ्यांची. कारण रोडरनर मुळात कोकिळांच्या कुळातला आहे. कोकिळांचा पाय असाच असतो. झाडावर राहणाऱ्या पूर्वजांकडून आलेला फांदी पकडायचा पाय घेऊन हा पक्षी जमिनीवर उतरला आणि त्याच पायाने पळायला शिकला. म्हणूनच गरज पडली की काटेरी फांदीवर तो इतक्या सहजपणे उभा राहू शकतो.

या पायाचा धुळीत उमटणारा ठसा फुलीसारखा असतो. पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं हे एकट्या ठशावरून पटकन कळत नाही. न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोनातल्या प्युएब्लो या मूळ अमेरिकी समाजांत हा ठसा पवित्र मानला जातो. पक्षी कुठे गेला ते वाईट शक्तींना समजू नये म्हणून ही फुली, अशी त्यामागची श्रद्धा. न्यू मेक्सिकोने १९४९ मध्ये रोडरनरला राज्यपक्षी केलं.

उडता येत असताना पळायचं कशाला, याचं उत्तर त्याच्या जेवणात आहे. पाली, सरडे, नाकतोडे, भुंगे, विंचू, टॅरांटुला कोळी, उंदीर, लहान साप, हे सगळं जमिनीवर असतं, तेही झुडपांच्या बुडाशी किंवा दगडांच्या फटीत. हवेत उठून ते दिसणार नाही आणि वरून झडप घालायला जागाही नाही. चालत राहायचं, काही हललं की धावून पकडायचं, हाच मार्ग. दर वेळी हवेत उठणं परवडणारंही नाही, कारण जमिनीवरून उठण्याच्या त्या पहिल्या क्षणांत पक्ष्याची सर्वांत जास्त ताकद जाते. त्याला दूर कुठे जायचंही नसतं. तो स्थलांतर करत नाही. जोडी वर्षभर आपल्या ठरलेल्या हद्दीत राहते. रोज थोड्या थोड्या अंतराने शेकडो वेळा थांबायचं आणि निघायचं असेल, तर पायच बरे.

शिकारीतही पंख रिकामे बसत नाहीत. रॅटलस्नेक या विषारी सापाशी गाठ पडली की रोडरनर पंख अर्धे उघडून त्याच्यापुढे नाचवतो. साप फणकारून दंश करतो तो बऱ्याचदा पिसांवर जातो, आणि पुढच्या क्षणी चोच सापाच्या डोक्यामागे बसलेली असते. मग दगडावर आपट, आपट आणि आपट. कधीकधी जोडीने शिकार होते, एक लक्ष वेधतो आणि दुसरा पकडतो. साप लांब असेल तर अर्धा गिळून उरलेला चोचीबाहेर लोंबत ठेवून रोडरनर आपला फिरत राहतो. आतला पचेल तसा बाहेरचा आत जातो. काटेरी शिंगांचा सरडा गिळायचा असेल तर तो डोक्याकडून गिळतो, शिंगं आतल्या नाजूक अवयवांना टोचणार नाहीत अशा बेताने. उंच उडी मारून हवेतल्या पाकोळी पक्ष्यावर झडप घातल्याच्या नोंदी आहेत. गुंजनपक्ष्यांसाठी (हमिंगबर्ड) टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्याखाली दबा धरून बसायची त्याची सवय तर इथल्या घरमालकांना चांगली माहीत आहे. गुंजनपक्ष्यांवर जीव असणाऱ्यांना त्याचा राग येतो. मला येत नाही. त्यालाही पिल्लं असतात.

आता पुन्हा धोक्याकडे. कोयोट किंवा बॉबकॅट (इथलं रानमांजर) जमिनीवरून येतो. त्या वेळी रोडरनर आधी झुडपांमधून वेडावाकडा पळतो, आणि अंतर कमी होतंय असं दिसलं की वर उठतो. मेस्किटच्या झाडावर (आपल्याकडे माजलेल्या वेड्या बाभळीचा हा सख्खा नातलग), निवडुंगावर, भिंतीवर, जे जवळ असेल त्यावर. दोन-तीन मीटर उंची पुरते. ससाणा किंवा कूपर्स हॉकसारखा शिकरा वरून आला तर नेमकं उलट. तेव्हा तो उडत नाही. हवेत शिकरा त्याला सहज गाठेल हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. तो जमिनीलगत पळत सर्वांत दाट काट्यांत घुसतो आणि गप्प बसतो. खालून संकट आलं तर वर, वरून आलं तर खाली. याला मी या पक्ष्याची खरी हुशारी म्हणते, आणि नुसत्या पळण्याच्या किंवा नुसत्या उडण्याच्या बळावर ती जमली नसती.

अर्थात तो प्रत्येक वेळी सुटतोच असं नाही. कोयोट, शिकरे, रॅकून, पाळीव मांजरं, सगळे रोडरनर मारतात. घरट्यावर साप येतात. आणि रस्त्यावर गाड्या. गाडीपुढे रस्त्याच्या कडेने काही अंतर धावत जायची या पक्ष्याला सवय आहे, शेवटच्या क्षणी तो बाजूच्या झुडपात वळतो. इथे घोडागाड्या चालायच्या तेव्हा हे खपून गेलं. आजच्या गाडीच्या वेगापुढे त्याचं गणित चुकतं. वाळवंटातल्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मी विनवते, रोडरनर कडेला दिसला तर वेग कमी करा.

थंडी आणि ऊन यांचाही त्याच्या पळण्याशी जवळचा संबंध आहे. वाळवंटात रात्री गारठा पडतो. शक्ती वाचवायला रोडरनर रात्री आपल्या शरीराचं तापमान काही अंशांनी खाली जाऊ देतो. सकाळी ते परत वर आणायला अन्न जाळण्याऐवजी तो ऊन वापरतो. सूर्याकडे पाठ करून उभा राहतो, पाठीवरची पिसं उभारतो, आणि त्याखालची काळी कातडी ऊन शोषून घेते. १९७१ मध्ये ओमार्ट आणि लासिव्स्की या संशोधकांनी हे मोजून दाखवलं. अंडी उबवण्याच्या काळात रात्री घरट्यावर नर बसतो, आणि तो मात्र आपलं तापमान खाली जाऊ देत नाही, नाहीतर अंडी गार पडतील. भर उन्हाळ्यात दुपारी हाच पक्षी सावलीत स्वस्थ बसतो, हालचाल निम्म्यावर आणतो. पाणी त्याला मुख्यतः भक्ष्याच्या अंगातूनच मिळतं, आणि जादा मीठ तो डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून नाकपुडीवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे मूत्रावाटे जाणारं पाणी वाचतं. अशा ठिकाणी पंख मारत फिरणं म्हणजे ताकद आणि पाणी, दोन्हींची उधळण.

त्याचं घरटं जमिनीवर नसतं. पालो वेर्दे किंवा मेस्किटच्या झाडात किंवा चोया निवडुंगाच्या काट्यांत, साधारण एक ते तीन मीटर उंचीवर काटक्यांचं घरटं असतं. नर काटक्या आणतो, मादी रचते. पिल्लं तीन आठवड्यांच्या आत घरट्याबाहेर पडतात, तेव्हा नीट उडता येत नसतं. पाय मात्र तयार झालेले असतात. पुढचे काही आठवडे ती आई-वडिलांच्या मागे धावत शिकार शिकतात.

त्याच्या कुळाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून भारतात येणारा चातक याच कुळातला. आंब्याच्या झाडात दडून ओरडणारी आपली कोकिळाही. आणि रोडरनरच्या सवयी कोणात पाहायच्या असतील तर भारद्वाजाकडे बघा. तेच चालत शिकार करणं, तेच सरडे आणि सापाची पिल्लं, तीच लांब शेपूट, आणि हुसकावलं तर दहा-वीस मीटर जड उडून पुढच्या झुडपात शिरणं. महाराष्ट्राच्या कोरड्या झुडपी रानात आढळणारा सिरकीर मलकोहा तर त्याहून जवळचा वाटतो. झाडीतून तो असा पळतो की पाहणाऱ्याला आधी मुंगूस वाटावं. ही साम्यं सारख्या जगण्यातून आलेली आहेत. नात्याने रोडरनर अमेरिका खंडातल्या जमिनीवरच्या कोकिळांच्या शाखेत बसतो.

पाहायला कुठे आणि कधी जायचं? टूसॉनच्या दोन बाजूंना सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे, न्यू मेक्सिकोत बोस्के देल अपाचे, टेक्ससमध्ये बिग बेंड, कॅलिफोर्नियात अँझा-बोरेगो. कोरड्या ओढ्यांच्या काठाने, सूर्य वर आल्यानंतरच्या पहिल्या तासात जा. तेव्हा तो ऊन खात उभा असतो आणि सहसा पळत नाही, मनसोक्त पाहू देतो. पाठलाग करू नका. तुम्ही एका जागी थांबलात तर कुतूहलाने तोच जवळून जाईल. कार्टूनमधलं ‘बीप बीप’ ऐकू येणार नाही. वसंतात सकाळी नर उंच जागेवरून एकामागून एक खाली उतरत जाणारे घोगरे सूर काढतो, आणि चोचीचे दोन भाग आपटून कडकड असा आवाजही करतो. अ‍ॅरिझोनात जुलै-ऑगस्टच्या पावसात (त्यालाही इथे मान्सूनच म्हणतात) त्यांचा विणीचा दुसरा हंगाम येतो, तेव्हाही हे सूर ऐकू येतात.

मुलीला एक निरोप द्या. अंगणात येणाऱ्या रोडरनरला कच्चा खिमा घालायची इथे अनेकांना सवय आहे. घालू नये. तो सरडा हाडांसकट खातो, त्यातून त्याला आणि पिल्लांना कॅल्शियम मिळतं, नुसत्या मांसात ते पुरेसं नसतं. उंदीर मारायचं विष आणि कीटकनाशकंही अंगणात नकोत, कारण विष खाल्लेले उंदीर आणि किडे शेवटी त्याच्याच पोटात जातात. कोपऱ्यात थोडी काटेरी झुडपं तशीच राहू दिली, तर सरडे येतील आणि सरड्यांमागे तोही येईल.